मॅकवर्थ यांच्या घड्याळाचा अर्धवट धडा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गस्ती विमानांतील रडारचालक तासन्‌तास पडद्याकडे पाहत बसत. पाणबुडीचा बारीकसा ठिपका उमटला की तो टिपायचा, एवढेच काम. पाळी लांबली की ठिपके निसटत. याचा छडा लावण्यासाठी केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आकडे नसलेली तबकडी, एक काटा, दर सेकंदाला एक उडी. क्वचित काटा दुप्पट उडी घेई. तेव्हा बटण दाबायचे. दोन तासांत अशा उड्या फक्त ४८. पहिल्या अर्ध्या तासात सुमारे १५ टक्के निसटल्या, दुसऱ्या अर्ध्या तासात सुमारे २६ टक्के; पुढे मात्र फारशी घसरण झाली नाही.

प्रयोग सुरेख आहे. आमची तक्रार तो सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ‘अर्ध्या तासानंतर लक्ष उडते’ एवढेच वाक्य उचलून ते शाळेच्या तासिकेला चिकटवले जाते. वर्गात प्रश्न विचारले जातात, विषय बदलतो, कोणीतरी हसतेसुद्धा! घड्याळासमोर यातले काहीच नव्हते. शिवाय प्रत्येक वेळी ‘बरोबर’ किंवा ‘सुटली’ असे सांगितले, तर ही घसरण जवळजवळ नाहीशी होते, हेही मॅकवर्थ यांनीच दाखवले होते. नेमका हाच भाग गाळला जातो.

प्रयोगात एक प्रश्न मात्र मोकळा राहिला. उडी डोळ्यांना दिसलीच नाही, की दिसूनही बटण दाबायला मन कचरले? खूण फारच विरळ असेल तर पाहणारा ‘नसेलच’ असे धरून चालतो. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सामानाच्या क्ष-किरण चित्रांसारखी कृत्रिम चित्रे लोकांना दाखवली. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती तेव्हा ती सुमारे ७ टक्के वेळा सुटली. शंभरात एकाच चित्रात होती तेव्हा ३० टक्के वेळा. माणसे तीच, डोळे तेच.

म्हणून तपासनीसाच्या नजरेतून पिशवीतले हत्यार सुटले, की चौकशीत ‘हलगर्जीपणा’ एवढेच लिहून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. अनेक विमानतळांवरील यंत्रे अधूनमधून हत्याराचे खोटे चित्र खऱ्या सामानात मिसळतात आणि ओळखले की सुटले, ते तपासनीसाला तिथल्या तिथे कळवतात. मॅकवर्थ यांच्या प्रयोगातला गाळलेला भाग तिथे रोज वापरात आहे.