कोरड्या विहिरीवरचा माळी

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका मातेने आम्हांला विचारले होते, "फादर, रोज संध्याकाळी रोझरी म्हणते, पण आत काही हलत नाही. मग हे ढोंगच नव्हे का?" आम्ही तिला तपसाधनेला जाण्याचा सल्ला दिला. ती गेली आणि प्रफुल्लित होऊन परतली. दोन महिन्यांत तो उत्साह ओसरला व त्याबरोबर रोझरीही थांबली. आमचा सल्ला कोठे चुकला, हे अविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र अलीकडे पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले.

सेमिनरीत असताना इंग्रजी अनुवादातून हा ग्रंथ आम्ही प्रथम वाचला, तो तिच्या दिव्य अनुभवांच्या ओढीने. एकोणतिसाव्या प्रकरणात देवदूत अग्निमय बाणाने तिचे अंतःकरण विद्ध करतो. सतराव्या शतकात बर्निनीने रोममध्ये तो प्रसंग संगमरवरात कोरला आणि जगप्रसिद्ध केला. १५ ऑक्टोबरला तिच्या सणाच्या प्रवचनात आम्ही धर्मगुरूही बहुधा तोच रंगवून सांगतो. भाविक भारावतात आणि 'हे आपल्यासारख्या संसारी माणसांचे काम नव्हे' असे मनाशी म्हणत घरी जातात. परंतु चाळीस प्रकरणांच्या या ग्रंथातील आठवे व अकरावे प्रकरण जो सावकाश वाचील, त्याला निराळीच तेरेजा भेटेल.

तेरेजाचा जन्म १५१५ सालचा. विशीत ती अविला येथील कार्मेल मठात दाखल झाली. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून तिने हे आत्मकथन लिहिले. आज आपल्यापुढे असलेली संहिता १५६५ सालची आहे. म्हणजे पन्नाशी गाठलेली एक व्रतस्थ स्त्री येथे मागे वळून पाहते आहे. आठव्या प्रकरणात ती कबूल करते, की कित्येक वर्षे प्रार्थनेच्या तासाला बसल्यावर देवापेक्षा घड्याळाच्या ठोक्याकडेच तिचे लक्ष अधिक असे; तास केव्हा संपतो याचीच ती वाट पाही. प्रार्थनागृहात पाऊल टाकताच तिला खिन्नता येई. मध्यंतरी वर्षभराहून अधिक काळ तिने मनन सोडूनही दिले होते. वडिलांच्या मृत्यूनंतर एका डोमिनिकन धर्मगुरूंच्या सांगण्यावरून ते पुन्हा सुरू केले. पुढे जिला ख्रिस्तसभेने प्रार्थनेची गुरू मानले आणि १९७० साली पोप पौल सहावे यांनी जिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले, तिची ही कबुली आहे. सकाळच्या ध्यानाच्या वेळी आम्ही कधी घड्याळाकडे पाहिले नाही, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

अकराव्या प्रकरणात तिचा प्रसिद्ध दृष्टांत येतो. आत्मा ही बाग, प्रभू तिचा धनी आणि प्रार्थना करणारा माणूस तिचा माळी. बाग शिंपण्याचे प्रकार चार: विहिरीतून हाताने पाणी शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी बागेत खेळविणे आणि शेवटी पाऊस. रहाटाविषयी सांगताना ती सहज लिहून जाते, की असे पाणी आपण स्वतःही काढले आहे. वसईच्या वाडीत वाढलेल्या वाचकाला येथे थबकल्यावाचून राहवत नाही. आमच्या बालपणी बावखलावर रहाटाची कुरकुर चालू असे आणि पन्हळीतून पाटात पडणारे पाणी केळींच्या मुळाशी जाई. दृष्टांत रचणाऱ्या बाईचे हात दोरावरून गेलेले आहेत, हे आमच्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परंतु या प्रकरणाचा गाभा चार पाण्यांपेक्षाही त्या विहिरीत आहे. माळी पुन्हा पुन्हा पोहरा सोडतो आणि तो रिकामाच वर येतो, तेव्हा त्याने काय करावे? तेरेजा सांगते, की त्याने आनंदाने काम चालू ठेवावे. बाग त्याची नाही, धन्याची आहे. माळ्याने धन्याला संतोष द्यावयाचा आहे, स्वतःला नव्हे. येथे पाणी म्हणजे अश्रू व भक्तीचा ओलावा, असा खुलासाही ती करते. तो ओलावा नसतानाही प्रभू फुले जगवतो आणि सद्गुण वाढवतो. धर्मभावनेची ऊब म्हणजेच श्रद्धा, असे मानणाऱ्या आमच्या पुष्कळशा भक्तिपर लेखनाला हा विचार अजून पचलेला दिसत नाही.

ग्रंथ निर्दोष नाही. तेरेजा विषयांतर फार करते. 'मी किती पापी' हा पुनरुच्चार आजच्या वाचकाला शिणवतो. अर्थात हे लेखन केवढ्या धाकात झाले, हेही ध्यानात घ्यावे. १५७५ साली हस्तलिखित धर्मन्यायासनाच्या ताब्यात गेले आणि ग्रंथ छापला गेला तो १५८८ साली, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. तो आम्हांला एका वयोवृद्ध बागायतदाराने दाखवून दिला. त्यांना हा दृष्टांत सांगितला तेव्हा ते म्हणाले, "फादर, विहीर आटली म्हणून आम्ही नुसता पोहरा सोडीत बसत नसू. आत उतरून गाळ काढीत असू." आक्षेप रास्त आहे. कोरडेपणा धन्याच्या इच्छेनेही येतो आणि आमच्याच गाळानेही. मठाच्या भेटगृहातील गप्पागोष्टींनी आपले मन कसे गुंतवले होते, हे तेरेजा आधीच्या प्रकरणांत प्रांजळपणे सांगते. परंतु विहिरीचा दृष्टांत देताना हा भेद ती पुरेसा स्पष्ट करीत नाही. तो पुढे संत योहान क्रूसकर यांनी 'अंधारी रात्र' या ग्रंथात केला. 'आपण देवाची सेवा करीत नाही' ही टोचणी ज्याला लागून राहते, तो कोमट नव्हे, असे त्यांच्या सांगण्याचे सार आहे. कोमट माणसाला अशी टोचणी नसते.

आणखी एक गैरसमज वाचकाने टाळावा. चार पाणी म्हणजे एकदा चढून मागे टाकण्याच्या पायऱ्या नव्हेत. या वाटेवर कोणीही इतका थोर होत नाही, की त्याला पुन्हा पुन्हा लहान मूल व्हावे लागत नाही, असे तेराव्या प्रकरणात तेरेजा बजावते. पाऊस अनुभवलेल्यालाही उन्हाळ्यात पोहरा हाती घ्यावा लागतो.

आता त्या मातेचा प्रश्न आम्हांला नीट ऐकू येतो. तिला टोचणी होती, म्हणूनच ती आमच्यापर्यंत आली. तपसाधना वाईट नव्हे, तो पाऊस आहे. परंतु पावसाच्या भरवशावर विहीर सोडून द्यावयाची नसते, हे आम्ही तिला सांगितले नाही. "तुम्ही रोज पोहरा सोडीत होतात, बाई, ते ढोंग नव्हते, तीच प्रार्थना होती", एवढे शब्द पुरले असते. ते सांगण्यासाठी आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. जाताना हा ग्रंथ बरोबर नेऊ, आणि तिची अनुमती असेल तर त्या संध्याकाळची रोझरी तिच्या कुटुंबाबरोबर म्हणू.