उगम आणि तग

निक लेन हे ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यापन करतात. त्यांचा ‘द व्हायटल क्वेश्चन’ हा ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध झाला. जीव कसा उगम पावला आणि आज तो आहे तसाच का आहे, हा त्याचा विषय. आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने रविवारच्या मिस्सानंतर तो आमच्या हाती ठेवला आणि म्हटले, “फादर, हे वाचा; मग तुमच्या त्या व्याख्यानाविषयी बोलू.”

ते व्याख्यान म्हणजे आमचे जुने भांडवल. सेमिनरीतून नव्याने बाहेर पडलो तेव्हापासून युवक शिबिरांतून आम्ही आवेशाने सांगत आलो की, १९५३ साली स्टॅन्ली मिलर यांनी काचेच्या भांड्यात वायू आणि विजेच्या ठिणग्या यांच्या साहाय्याने अमिनो आम्ले तयार केली खरी, पण जीव काही कोणाला घडवता आला नाही. सबब तेथे परमेश्वराचा हात. टाळ्या हमखास मिळत. या मुलाने दृढीकरणाच्या वर्गात त्याचीच एक आवृत्ती ऐकली होती. तेव्हा प्रस्तुत ग्रंथ आम्ही काहीशा धास्तीनेच उघडला, हे कबूल केले पाहिजे.

या विषयावरील लोकप्रिय लेखनाची एक ठरीव रीत झाली आहे. प्रथम चिवट जीवांची वरात निघते. अमेरिकेतील यलोस्टोनच्या ऊन झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात सापडलेले जिवाणू. १२२ अंश सेल्सियस तापमानातही वाढणारा, २००८ साली जपानी संशोधकांनी नोंदवलेला सूक्ष्मजीव. २००७ साली अंतराळाच्या निर्वात पोकळीत नेऊनही जगलेले टार्डिग्रेड. मग लेखक हळूच सुचवतो की, जीव इतके सोसतो त्या अर्थी तो अशाच भयंकर जागी जन्मला असावा. आमच्या मते हा तर्क लंगडा आहे. तग धरणे ही एक गोष्ट, उगम पावणे ही अगदी दुसरी. उकळत्या पाण्यात राहणाऱ्या पेशीची प्रथिने विशेष घट्ट विणीची असतात, तिचे आवरण निराळ्या स्निग्ध द्रव्यांचे असते. हा सारा सरंजाम दीर्घ उत्क्रांतीची कमाई आहे. आरंभी तो कोठून असणार?

आपल्या लोणारचेच उदाहरण घ्यावे. उल्कापाताने बसाल्ट खडकात झालेल्या त्या विवरातील सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. तरीही त्यात सूक्ष्मजीवांची दाटी आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे. परंतु पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या वयापुढे लोणारचे विवर कालपरवाचे. तेथील रहिवासी बाहेरून आले आणि रुळले. तेथे जन्मले असे कोणी म्हणत नाही.

लेन या सापळ्यात सापडत नाहीत, हे त्यांच्या ग्रंथाचे पहिले श्रेय. समुद्रतळाकडे ते वळतात ते त्याच्या उग्रतेच्या ओढीने नव्हे. १९७९ साली प्रशांत महासागरात सुमारे ३५० अंश तापमानाचे काळे पाणी ओकणारी धुराडी सापडली, तेव्हा जीवाची जन्मभूमी म्हणून त्यांचा मोठा गाजावाजा झाला. लेन ती बाजूला ठेवतात आणि २००० साली अटलांटिक महासागरात आढळलेल्या ‘लॉस्ट सिटी’कडे बोट दाखवतात. येथील झरे सौम्य, चाळीस ते नव्वद अंशांचे आणि अल्कधर्मी. खडक आणि पाणी यांच्या प्रक्रियेतून हायड्रोजन निघतो आणि साठ मीटर उंचीपर्यंत पांढरे मनोरे उभे राहतात. त्यांच्या भिंती स्पंजासारख्या सच्छिद्र असतात. अशा झऱ्यांची कल्पना मायकेल रसेल यांनी लॉस्ट सिटी सापडण्यापूर्वीच मांडली होती, आणि लेन तिचे श्रेय मोकळेपणाने देतात.

पुढचे विवेचन हा ग्रंथाचा गाभा आहे. ते आम्ही तीनदा वाचले तेव्हा कोठे पचनी पडले. पीटर मिचेल यांनी १९६१ साली असे सुचवले की, पेशी अन्नातील ऊर्जा वापरून आपल्या पटलापलीकडे प्रोटॉन लोटते आणि ते परत आत येताना त्यांच्याकडून काम करून घेते. बांधाआड अडवलेले पाणी सोडून चाक फिरवावे तसे. प्रथम या कल्पनेची हेटाळणी झाली; १९७८ साली तिलाच नोबेल पारितोषिक मिळाले. जवळजवळ सर्व ज्ञात जीव याच युक्तीवर जगतात. पटल इतके पातळ असते की त्यावरील विद्युत्दाब मीटरमागे सुमारे तीन कोटी व्होल्ट भरतो. आता प्रश्न असा की, हा बांध पहिल्या पेशीने कसा घातला? लेन यांचे उत्तर असे की, तिने तो घातलाच नाही, तिला तो आयता मिळाला. आदिम समुद्र कार्बन डायऑक्साइडमुळे काहीसा आम्ल होता आणि झऱ्याचे पाणी अल्कधर्मी. मध्ये लोह आणि गंधक यांच्या खनिजांची पातळ भिंत. प्रोटॉनचा उतार तेथे आपोआप तयार होता.

या प्रकाशात ‘प्रतिकूल’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. त्या आदिजीवांना प्राणवायू विष ठरला असता. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर पडवीत बसून मोकळ्या हवेत हे लिहिणारे आम्हीच अघोरी वातावरणात तगलेले जीव!

आता उणिवा. लेन अज्ञानाची कबुली सुंदर देतात, परंतु पानामागून पान उलटते तसा ‘असू शकेल’चा ‘असलाच पाहिजे’ होत जातो. प्रतिपक्षाची बाजू ते वकिलासारखी मांडतात. २००९ साली जॉन सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनएच्या चारपैकी दोन घटकांची साध्या रसायनांपासून घडण दाखवली. तिला जमिनीवरचे उथळ पाणी आणि सूर्यप्रकाश सोयीचा. शिवाय पाण्यात रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून ओल आणि सुकण आळीपाळीने अनुभवणारी डबकीच अनेकांना अधिक संभाव्य वाटतात. हा आक्षेप भारी आहे. लेन तो झटकून टाकतात. केंद्रकयुक्त पेशीला जनुकामागे जिवाणूंच्या कितीतरी पट ऊर्जा मिळते, या त्यांच्या हिशोबालाही २०१७ साली लिंच आणि मारिनोव्ह यांनी हरकत घेतली. आणि उपसंहारात तर जपानजवळच्या खोल समुद्रात सापडलेल्या एका विचित्र सूक्ष्मजीवाच्या एकुलत्या एका नमुन्यावर ते केवढा मनोरा रचतात! अशा वेळी संपादकाने लेखकाचा हात धरायला हवा होता.

मात्र एका बाबतीत काळाने त्यांना साथ दिली. एका आर्कियाने जिवाणूला पोटात सामावून घेतले आणि तोच पुढे तंतुकणिका झाला, असा त्यांचा सिद्धांत आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी, बारा वर्षांच्या चिकाटीनंतर, समुद्रतळाच्या चिखलातून आपल्या पेशींच्या दूरच्या नातलगाची, एका आर्कियाची, वाढ करून दाखवली. तो दुप्पट व्हायला दोन-तीन आठवडे घेतो आणि शेजारी सूक्ष्मजीवांच्या सोबतीशिवाय जगत नाही.

ग्रंथ वाचताना आम्हांला दोन धर्मगुरूंचे वारंवार स्मरण झाले. अठराव्या शतकात इंग्रज कॅथलिक धर्मगुरू जॉन नीडहॅम यांनी प्रतिपादन केले की, उकळून बंद केलेल्या रश्श्यातही जीव आपोआप उपजतात. इटलीतील धर्मगुरू लाझारो स्पालान्झानी यांनी काचेची तोंडे वितळवून बंद केली, रस्सा अधिक वेळ उकळला आणि १७६५ साली दाखवून दिले की, काही उपजत नाही. याच स्पालान्झानींनी पन्हळीच्या वाळूतील सुकून मृतवत झालेले सूक्ष्म प्राणी पाण्याच्या थेंबाने पुन्हा हालताना पाहिले आणि त्यांतील एकाला १७७६ साली ‘टार्डिग्राडो’, म्हणजे मंदगती, हे नाव दिले. उगम आणि तग हे दोन्ही प्रश्न एकाच पाद्र्याच्या मेजावर होते, आणि त्याने त्यांची गल्लत केली नाही.

आम्ही येथे थबकलो ते निराळ्या कारणाने. निर्जीवातून जीव उपजतो असे मानणारा नीडहॅम स्वतः वेदीवर मिस्सा अर्पण करीत असे. त्याच्याही पूर्वी संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवले होते की, देवाने आरंभीच सृष्टीत बीजे ठेवली आणि ती यथाकाल उमलली. रसायनाच्या ज्या फटीत आम्ही परमेश्वराला बसवून ठेवले होते, ती फट त्यांपैकी कोणालाच लागली नव्हती. ती आमच्या व्याख्यानाला लागत होती, टाळ्यांसाठी.

ग्रंथ अजून आमच्याकडेच आहे. समासात पेन्सिलीच्या खुणा फार झाल्या आहेत, आणि त्या खोडून परत करावा की तशाच ठेवून, हे त्या मुलालाच विचारणार आहोत.