डब्यावरचे वंगण आणि चेनमधले वंगण

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. तालुक्याच्या गावी राहून खेड्यावरच्या शाळेत रोज 'अपडाऊन' करणारे शिक्षक इथे पुष्कळ आहेत. एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही, म्हणून भरवसा मोटारसायकलवर. पावसाळ्यात काळी चिकण माती मडगार्डखाली आणि चेनमध्ये भरते व वाळली की दगडासारखी होते. उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन तेलकट भागावर बसते. त्यामुळे गाडीची निगा हा इथे हौसेचा विषय नाही. शाळेत वेळेवर आणि सुखरूप पोचण्याचा तो प्रश्न आहे.

ही निगा पूर्वी रॉकेल, जुना ब्रश आणि तेलाची बुधली यांवर भागत असे. आता रॉकेल पूर्वीसारखे सहज मिळत नाही. त्याची जागा फवाऱ्याच्या डब्याने घेतली आहे. चेन वाजते? स्प्रे मारा. बोल्ट अडला? स्प्रे मारा. टाकीवर डांबराचे डाग? पुन्हा तेच. या डब्यांवर साफ करणे, गंज सोडवणे, ओल घालवणे आणि वंगण देणे अशी सगळी कामे एका ओळीत छापलेली असतात. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या मजकुराचे परीक्षण करावे, असे आम्हांस वाटते. कारण हा मजकूर आपले विद्यार्थी रोज वाचतात, आणि तो विज्ञानाच्या भाषेत बोलतो.

नावातच उत्तर

या जातीतले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे डब्ल्यूडी-४०. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीत १९५३ साली ते तयार झाले. नावातील दोन अक्षरे 'पाणी हटवणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेले मिश्रण. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ धातूच्या कवचाला गंज चढू नये म्हणून त्याचा वापर झाला. १९५८ साली ते फवाऱ्याच्या डब्यातून दुकानांत आले.

म्हणजे हे द्रव्य जन्मले ते पाणी हटवण्यासाठी. त्याचे नेमके सूत्र कंपनीने गुपित ठेवले असले, तरी तिच्या अमेरिकेतील सुरक्षा-माहितीपत्रकात घटकांचे ढोबळ प्रमाण दिलेले असते. त्यावरून दिसते ते असे : निम्म्याहून अधिक भाग हलक्या हायड्रोकार्बन विद्रावकांचा, म्हणजे रॉकेलच्या भाऊबंदांचा, खनिज तेल पस्तीस टक्क्यांच्या आत, आणि दाब देण्यासाठी दोन-तीन टक्के कार्बन डायऑक्साइड. बाजारातील इतर अनेक फवाऱ्यांत दाब देण्याचे काम प्रोपेन-ब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक करतात. विद्रावक उडून गेला की मागे उरते ते तेलाचे विरळ पटल.

डब्यात वंगण नाही, असे म्हणणे म्हणून चूक ठरेल. वंगण आहे, पण थोडे आहे आणि पातळ आहे. प्रश्न आहे तो हे पातळ पटल कोणत्या जागी पुरते याचा.

तीन कामे, एक शब्द

घर्षणाच्या धड्यातले ठरीव वाक्य आपणां सर्वांना पाठ आहे : घर्षण कमी करण्यासाठी तेल, ग्रीस यांसारखी वंगणे वापरतात. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. तेल आणि ग्रीस यांत निवड कशाच्या आधारे करायची, हे त्यात येत नाही. धड्यातली ही फट आणि डब्यावरचा मजकूर यांचे छान जमते. निसरडे ते सर्व वंगण, असे विद्यार्थी धरून चालतो, आणि डबा त्याला होकार देतो.

खरे पाहता डब्यावरच्या ओळीत तीन निरनिराळी कामे आहेत. पहिले पाणी हटवण्याचे. पाण्याचा पृष्ठताण मोठा, या तेलकट द्रवांचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे द्रव धातूवर झटकन पसरतो, पाण्याखाली शिरतो आणि पाण्याला धातूपासून सुटे करतो. दुसरे काम फटीत शिरण्याचे. गंजलेल्या नट-बोल्टमधील बारीक फटीत द्रव केशाकर्षणाने ओढला जातो. तो जितका पातळ तितका लवकर आत पोचतो. तिसरे काम वंगणाचे. इथे गणित उलटे होते. दोन धातू दाबाखाली एकमेकांवर फिरत असताना मध्ये टिकून राहील, बाजूला पिळला जाणार नाही असा थर हवा. त्यासाठी श्यानता, म्हणजे दाटपणा, लागतो.

आकडे बोलके आहेत. ३८ अंश सेल्सिअसला डब्ल्यूडी-४० ची श्यानता सुमारे ३ सेंटिस्टोक भरते. चेनसाठी अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत सांगितलेल्या ९० नंबरच्या गिअर ऑइलची श्यानता ४० अंशांना साधारण १५० ते २०० असते. दोहोंत पन्नासपटीहून अधिक फरक! जो पातळपणा अडलेल्या बोल्टसाठी गुण, तोच चेनसाठी दोष. एकाच द्रवाने दोन्ही कामांत पहिला नंबर काढावा, ही अपेक्षाच भौतिकशास्त्राला धरून नाही.

आपल्या शेतकऱ्याला हे ठाऊक होते. बैलगाडीच्या आसाला घालायचे 'ओंगण' पातळ नसे. एरंडेलासारखे दाट तेल त्यासाठी पसंत करीत. एरंडेलाची श्यानता ४० अंशांना अडीचशेच्या घरात जाते. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांतही हेच तेल वापरले गेले, आणि कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच घडले. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला इंग्रजीत स्वतंत्र नाव मिळाले ते १९६६ साली. बैलगाडीखाली टांगलेला ओंगणाचा नळा त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ते ज्ञान वागवीत होता.

चेनचे काय होते?

चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, तिच्याभोवती बुश आणि त्यावर रोलर. चेन दातेरी चाकावर वळते तेव्हा पिन बुशमध्ये थोडीशी फिरते आणि परत येते, तीही पूर्ण ओढ असताना. वंगण लागते ते इथे, बाहेरच्या चकचकीत पट्ट्यांवर नाही.

स्प्रे मारल्यावर आवाज थांबतो, गाडी हलकी चालते आणि मालक खूश होतो. तो आनंद अल्पकाळाचा असतो. विद्रावक सांध्यातले उरलेसुरले दाट तेल सैल करून बाहेर आणतो, स्वतः उडून जातो, आणि विरळ थर थोड्याच अंतरात फेकला जातो. मग धूळ आत जाते आणि पिनला कानशीसारखी घासते. 'चेन लांबली' असे आपण म्हणतो; खरे तर धातू ताणला जात नाही, सांधे झिजतात. शंभर सांधे प्रत्येकी ०.१ मिलिमीटर झिजले, तर चेन १० मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एक सेंटिमीटर लांबते. लहान झिजेची बेरीज केवढी होते, हे समजावण्यास याहून चांगले उदाहरण नाही.

उलट बाजूची अतिशयोक्तीही इथे नोंदवली पाहिजे. 'स्प्रे मारला की चेन खलास' असे काही जण छातीठोकपणे सांगतात. तसे नाही. चिखल आणि जुने काळे तेल काढण्यास फवारा उपयोगी आहे. अट एवढीच, की नंतर फडक्याने पुसून, सुकू देऊन चेनला तिचे खरे तेल द्यावे. ज्या चेनच्या सांध्यांत रबरी ओ-रिंग असतात, तिथे कारखान्यातच ग्रीस आत बंद केलेले असते. तिला पेट्रोल, तारेचा ब्रश आणि जोराचा पाण्याचा फवारा वर्ज्य. पेट्रोलने रिंगा फुगतात. अशा चेनसाठी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच साफ करण्याचे द्रव्य वापरावे.

आणि ज्यांना आमचे म्हणणे पटत नसेल, त्यांनी खुद्द कंपनीचेच कपाट पाहावे. एका डब्याच्या दोन हजारांहून अधिक उपयोगांची यादी मिरवणारी हीच कंपनी मोटारसायकलच्या चेनसाठी वंगणाचा वेगळा डबा विकते. एकाच डब्याने सारे भागत असते, तर दुसरा काढावा लागला नसता.

जिथे फवारा खरोखर कामाचा

परीक्षणात गुणांची नोंद हवीच. भर पावसात गाडी बंद पडते, ती पुष्कळदा प्लगच्या टोपीत व वायरीवर ओल साचल्याने. ठिणगीची वीज भलतीकडे वाट काढते. तिथे पाणी हटवणारा फवारा नेमके काम करतो. मात्र किक मारण्यापूर्वी विद्रावक उडून जाऊ द्यावा. गंजलेला सायलेन्सरचा बोल्ट, न वळणारे कुलूप, स्टँडची अडकलेली स्प्रिंग, टाकीवरचे डांबर, धुतल्यानंतर उघड्या लोखंडावर राहिलेली ओल, ही सारी कामे त्याच्या अधिकारातली आहेत. स्टँडच्या पिनला मात्र शेवटी ग्रीसच हवे.

छोट्या अक्षरांतला मजकूर

डब्यावर उपयोग मोठ्या अक्षरांत असतात आणि धोके बारीक अक्षरांत. आमची मुख्य तक्रार इथे आहे.

पहिला धोका ब्रेकचा. घर्षण हा सर्वत्र शत्रू नव्हे; ब्रेकमध्ये तो आपला रक्षक आहे. चेनवर मारलेल्या स्प्रेचे तुषार शेजारच्या डिस्कवर, ड्रमच्या फटीत किंवा टायरवर गेले तर काय होईल, ते गणिताने पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. ब्रेकने दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी होत असेल, तर गाडी सुमारे १९ मीटरांत थांबते. तेलामुळे ही पकड निम्मी झाली, तर ३९ मीटर लागतात. फरक २० मीटरांचा. रस्त्यावर आडवी आलेली म्हैस किंवा शाळेतून सुटलेले मूल या वीस मीटरांत असू शकते. म्हणून डिस्क चमकावण्यासाठी हा फवारा कदापि वापरू नये. चेनवर मारताना चाकाच्या बाजूला पुठ्ठा धरावा.

दुसरा धोका बोटांचा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडके धरण्याची पद्धत सर्रास दिसते. फडके चेनमध्ये जाते आणि बोटे त्याच्यामागून. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि चाक हाताने फिरवणे, एवढीच सुरक्षित रीत.

तिसरा धोका आगीचा. तापलेल्या सायलेन्सरवर किंवा विडी ओढीत फवारा मारणे म्हणजे रॉकेलचे धुके विस्तवावर सोडणे होय. काम उघड्यावर आणि गाडी थंड झाल्यावरच करावे.

चौथा धोका उन्हाचा. डबा ५० अंशांवर तापू देऊ नये, असे त्यावर छापलेले असते. वाशीमला मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ वर जातो. मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा टिनाच्या छपराखाली काय होत असेल? दहावीचा विद्यार्थी म्हणेल, २७ वरून ५७ अंश म्हणजे ३०० वरून ३३० केल्व्हिन. दाब दहा टक्केच वाढेल. बंद वायूपुरते हे बरोबर आहे. पण डब्यात द्रवरूप प्रोपेन-ब्युटेन असेल, तर द्रवाची वाफ होत राहते आणि दाब दुपटीच्या आसपास जातो. सूत्र बरोबर, पण लावलेली जागा चूक! याच कारणाने रिकामा वाटणारा डबाही उकिरड्याच्या किंवा होळीच्या आगीत टाकू नये, त्याला खिळ्याने भोकही पाडू नये.

पाचवा धोका लहान मुलांचा. हे द्रव कोणी गिळले तर ओकारी काढू नये. रॉकेलप्रमाणेच ते फुप्फुसांत उतरून जिवावर बेतू शकते. डबा सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

शेवटी एक छोटी सूचना. आजच्या गाड्यांच्या हेडलाइटची काच बहुधा काच नसून पॉलिकार्बोनेट असते. या प्लॅस्टिकला अशा द्रवाने बारीक तडे जाऊ शकतात. हेडलाइटला साबणाचे पाणीच बरे.

वर्गात काय करावे?

गिअर ऑइल, शिवणयंत्राचे तेल, खोबरेल आणि एरंडेल यांचा एकेक थेंब तिरप्या काचेवर एकाच वेळी ठेवून शर्यत लावावी. चार खिळे घ्यावेत : एक कोरडा, एकाला शिवणयंत्राचे तेल, एकाला ग्रीस, एकाला स्प्रे (तो शिक्षकांनीच बाहेर मोकळ्या हवेत मारावा). चारही ओल्या फडक्यावर ठेवून आठवडाभर रोज नोंद करावी. निकाल आम्ही मुद्दाम सांगत नाही. विद्यार्थ्यांनी डब्यावरच्या मजकुराची दोन रकान्यांत विभागणी करावी : कोणते विधान तपासता येते, आणि कोणते नुसतेच मोहक आहे. आपल्या दुकानात एक लिटर स्प्रे आणि एक लिटर गिअर ऑइल किती रुपयांना पडेल, हेही त्यांनी काढून पाहावे.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. डबा टाकाऊ नाही. त्याच्या अंगी तीन कामे करण्याची ताकद आहे, पण सारखी नाही. 'वंगण' हा शब्द वाचताच कोणत्या जागी, किती दाबाखाली आणि किती दिवस, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आले, तर घर्षणाचा धडा पुरा झाला असे समजावे. आणि ब्रेकजवळ हात जाताच तो थबकला, तर त्या धड्याने एखादा जीवही वाचवला असेल.