रोमन कांस्यनाण्यांची ओळख : चेहरा की टाकसाळ?

रोमन साम्राज्याच्या हलक्या धातूच्या नाण्यांना सरसकट ‘कांस्यनाणी’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी शास्त्रशुद्ध नव्हे. ऑगस्टसच्या सुधारणेनंतरची सेस्टर्शियस व डुपाँडियस ही नाणी तांबे व जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे पितळेची आहेत. अ‍ॅस हे नाणे मात्र तांब्याचे. पहिल्या दोन शतकांतील या नाण्यांवर सम्राटाची मुद्रा इतकी व्यक्तिविशिष्ट असते की, लेख झिजला तरी व्हेस्पेशियनची जाड मान किंवा हेड्रियनची दाढी ओळखू येते. त्यामुळे सम्राटागणिक मांडणी करणारे सूचिग्रंथ या काळापुरते उपयोगी पडतात.

हीच पद्धत चौथ्या शतकाला लावणे ही आजही आढळणारी चूक होय. कॉन्स्टन्टाईनच्या पुत्रांचे चेहरे नाण्यांवर साच्यातून काढल्यासारखे एकसारखे दिसतात. शिवाय कॉन्स्टन्टाईन, कॉन्स्टन्टियस व कॉन्स्टन्स या तिन्ही नावांची लॅटिन रूपातील पहिली सात अक्षरे एकच आहेत. त्यांपुढचा भाग झिजला असता चेहऱ्यावरून नाव ठरविणे म्हणजे निव्वळ तर्क. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कार्सन, हिल व केंट यांच्या ‘लेट रोमन ब्रॉन्झ कॉइनेज’ या ग्रंथाने टाकसाळीनुसार मांडणी केली, हे त्याचे मोठे श्रेय. त्यातील नोंदी इतक्या त्रोटक आहेत की नवशिक्याची दमछाक होते; पण त्याची दिशा योग्य आहे.

उदाहरणार्थ, ‘ग्लोरिया एक्सेर्किटुस’ या प्रकारात दोन सैनिकांमध्ये ध्वज असतात. ते दोन असतील तर नाणे सामान्यतः इ. स. ३३० ते ३३५ मधील, एकच असेल तर त्यानंतरचे. सम्राटाचे नाव न वाचताही काळ असा हाती येतो. खालच्या पट्टीतील टाकसाळीचे चिन्ह याहून बोलके, पण फसवेही आहे. ‘कॉन्स’ दिसले की कॉन्स्टन्टिनोपल, असे समजणे धोक्याचे; आर्ल शहरालाही काही काळ कॉन्स्टन्टिना हे नाव होते. आर्लच्या चिन्हात विभागदर्शक लॅटिन अक्षर आरंभी येते, कॉन्स्टन्टिनोपलच्या चिन्हात ग्रीक अक्षर शेवटी. एका अक्षराच्या जागेवरून नाणे गॉलचे की बॉस्फरसच्या काठचे, हे ठरते.

तरीही अनेक याद्यांत केवळ व्यासावरून ‘ए-ई ३’, ‘ए-ई ४’ एवढीच नोंद असते. दक्षिण भारत व श्रीलंका येथे सापडणाऱ्या चौथ्या-पाचव्या शतकांतील झिजलेल्या लहान नाण्यांबाबत हा आळस विशेष महाग पडतो. श्रीलंकेत अस्सल नाण्यांबरोबर त्यांच्या स्थानिक नकलाही मिळतात, आणि व्यासाची पट्टी दोहोंना एकाच रकान्यात बसविते. अशा नोंदीत पृष्ठभागाचे चित्र, वजन आणि वाचता आलेली प्रत्यक्ष अक्षरे स्वतंत्र द्यावीत. तर्काने भरलेले अक्षर कंसात टाकावे.