भुशाचा आकार आणि स्फोटाचा धोका : ५०० मायक्रॉनच्या निकषाची चिकित्सा

लाकडाच्या भुशाच्या स्फोटक्षमतेचा विचार करताना कणांच्या आकाराला अग्रस्थान दिले जाते आणि ते योग्यच आहे. तेवढ्याच वजनाच्या लाकडाचे कण ५०० मायक्रॉनऐवजी ५० मायक्रॉनचे झाले, तर हवेच्या संपर्कात येणारे पृष्ठफळ सुमारे दहापट होते. बारीक कण लवकर तापतो, त्यातून ज्वलनशील वायू त्वरेने बाहेर पडतात आणि तो हवेत अधिक काळ तरंगतो. रंध्याची सालपटे आणि सँडिंगची भुकटी यांचा धोका त्यामुळेच सारखा नसतो.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ६६४ क्रमांकाच्या मानकाने स्फोटक भुशाच्या व्याख्येत ५०० मायक्रॉन वा त्याहून कमी मध्यक आकार आणि २५ टक्क्यांहून कमी आर्द्रता हे निकष दिले होते. आर्द्रतेची जोड दिली, हे या व्याख्येचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. तथापि ५०० हा आकडा तेवढा उचलला की घोटाळा होतो. मध्यक ६०० मायक्रॉन असलेल्या ढिगातही बारीक भुकटीचा मोठा अंश असू शकतो, आणि एकट्या मध्यकावरून तो कळत नाही. (संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे सांगावयास नकोच.)

त्याहून गंभीर प्रश्न नमुना कोठून घेतला, हा आहे. कारखान्यातील हवा हीच एक चाळणी असते. जड कण यंत्राखाली पडतात. हलके कण तुळयांवर, दिव्यांवर आणि नळांच्या पाठीवर जाऊन बसतात. झाडलोटीतील नमुना निर्धोक ठरतो आणि खरी भुकटी डोक्यावर साठत राहते. एखाद्या लहानशा स्फोटाच्या धक्क्याने हा थर हवेत उधळला, की दुसरा स्फोट पहिल्याहून कितीतरी विध्वंसक ठरतो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बर्न्स लेक येथील लाकूड गिरणीत २० जानेवारी २०१२ रोजी भुशाचा स्फोट होऊन दोन कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २३ एप्रिलला प्रिन्स जॉर्ज येथील गिरणीत आणखी दोघांचा बळी गेला. भुंगेऱ्यांच्या प्रादुर्भावाने उभ्याउभ्या वाळलेले पाइनचे लाकूड तेथे कापले जात होते. लाकूड बदलले, तसा भुसाही अधिक कोरडा झाला. अशा ठिकाणी पूर्वीच्या मालावर केलेली चाचणी कितपत ग्राह्य धरावी? माल बदलताच नवी चाचणी व्हावी, आणि तिचा नमुना तुळईवरून घेतला जावा.