व्यवसायशिक्षणाची पुनर्मांडणी : राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चे लाभ आणि मर्यादा (विशेष संदर्भ : मिरजेची तंतुवाद्यनिर्मिती)

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर काळात भारताने शिक्षणाची तीन राष्ट्रीय धोरणे स्वीकारली. पहिले १९६८ चे, दुसरे १९८६ चे (१९९२ मध्ये सुधारित) आणि तिसरे २०२० चे. या तिन्ही धोरणांत एक मागणी समान आहे. पुस्तकी ज्ञान आणि हाताचे काम यांतील अंतर कमी व्हावे, ही ती मागणी होय. एकच गोष्ट अर्ध्या शतकात तीनदा सांगावी लागते, याचा अर्थ आधीच्या दोन वेळी ती पुरेशी साधली नाही. ती का साधली नाही, या प्रश्नाचा विचार केल्याशिवाय नव्या सुधारणेचे लाभ व तोटे यांचे मोजमाप करता येत नाही.

प्रस्तुत लेखात राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील व्यवसायशिक्षणविषयक तरतुदींची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मिरजेतील सतार-तंबोरा निर्मितीची परंपरा संदर्भ म्हणून घेतली आहे. ज्या गावात महाविद्यालये आहेत आणि त्यांच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य नांदते आहे, त्या गावात तरी हे धोरण यशस्वी व्हावयास हवे. तेथेच त्यास अडचणी येत असतील, तर त्या अडचणींचे स्वरूप मूलभूत आहे असे मानावे लागेल.

धोरणाची भूमिका :

२०२० च्या धोरणाने व्यवसायशिक्षणाच्या दुरवस्थेची स्पष्ट कबुली दिली आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेतील (२०१२-१७) अंदाजाचा आधार घेऊन धोरण सांगते की, १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसायशिक्षण मिळाले होते. हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे तेथे नमूद आहे. या स्थितीवर उपाय म्हणून २०२५ पर्यंत शालेय व उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकणे, ही कल्पनाही याच धोरणातील आहे.

महाराष्ट्रात पदवी स्तरावर नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. मुख्य व दुय्यम विषयांच्या जोडीला कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळाले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी, असे बाहेर पडण्याचे टप्पेही निश्चित झाले.

पूर्वप्रयोगांचा धडा :

श्रम आणि शिक्षण यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा आणि शिक्षकांना चांगले वेतन मिळावे, अशा दोन्ही मागण्या होत्या. अभ्यासक्रम आणि शिकविणारा या दोहोंचा विचार त्यांनी एकत्र केला, ही बाब लक्षणीय आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे सुरू झालेल्या वसतिगृहात आणि पुढे ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थ्यांच्या श्रमाला स्थान मिळाले. तथापि तेथे श्रम हे शिक्षण घेता यावे यासाठीचे साधन होते. शेतकऱ्याच्या मुलाने शेतातच राहावे, हा त्यामागील हेतू नव्हता. श्रम करीत असतानाच त्याला उच्च शिक्षणापर्यंत पोहोचता यावे, हा होता.

१९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीम योजनेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक प्राथमिक शाळांच्या फलकांवर ‘जीवन शिक्षण’ हे शब्द दिसतात. ते त्या काळाचे स्मरण होय. टकळी व सूतकताई शाळेतून गेली, नाव मात्र उरले. पुढे १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळविण्याचे ठरविले. १९९२ च्या सुधारणेत याच मुदती १९९५ व २००० अशा पुढे ढकलाव्या लागल्या. महाराष्ट्रात या धोरणानंतर अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांतून काहींना रोजगार मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु समाजाच्या दृष्टीने हा मार्ग कमी गुण मिळविणाऱ्यांचाच राहिला.

या संदर्भात मद्रास राज्यातील घटनाही विचारात घ्यावी लागते. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळेत मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ही योजना जातीनिहाय धंदे कायम ठेवील, असा तीव्र आक्षेप घेण्यात आला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. व्यवसायशिक्षणाच्या प्रत्येक योजनेला या आक्षेपाचे उत्तर द्यावे लागते. कोणाच्या मुलाला कोणता व्यवसाय शिकविला जाणार आणि त्याच्यासाठी पुढचा मार्ग खुला राहणार की नाही, हा तो प्रश्न होय.

मिरजेचा संदर्भ :

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून मानला जातो. शस्त्रांना धार व पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर वाद्यांकडे वळले आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ही कला स्थिरावली. या कारागिरांची वस्ती आजही सतारमेकर गल्ली या नावाने ओळखली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या कामात अनेक विद्याशाखा एकत्र येतात. सोलापूर जिल्ह्यातून येणारा भोपळा पारखणे व वाळविणे, तुणाच्या लाकडाची दांडी घडविणे, तबली बसविणे, नक्षीकाम व पॉलिश करणे आणि अखेरीस घोडीवर जवारी काढणे, असे त्याचे टप्पे आहेत. घोडीचा पृष्ठभाग किती घासला म्हणजे तार अपेक्षित नाद देईल, हे कारागीर कानाने ठरवितो. पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र, संगीत आणि वाणिज्य या चारही विभागांना येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बहुविद्याशाखीय शिक्षणाचे यापेक्षा जवळचे उदाहरण मिरजेतील महाविद्यालयांना शोधावे लागणार नाही.

मिरजेला शिक्षणसुधारणेचाही एक वारसा आहे. पं. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) यांनी मिरजेत पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले आणि १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रय आणि गुरुगृह यांपुरती मर्यादित असलेली विद्या त्यांनी वर्ग, पाठ्यपुस्तक व परीक्षा यांच्या साहाय्याने सामान्य कुटुंबांपर्यंत नेली. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना संगीताची दारे उघडण्यात या सुधारणेचा मोठा वाटा आहे. त्याचबरोबर वर्गपद्धतीतून रसिक घडतात, पण कलावंत क्वचितच घडतात, असा आक्षेपही तिच्यावर घेतला गेला. मात्र या परिवर्तनात शिकविणारा स्वतः त्या विद्येत मुरलेला होता, हे विसरता येणार नाही. पद्धत बदलली, तरी गुरूचे स्थान गेले नाही.

सुधारणेचे लाभ :

१. प्रतिष्ठा : हाताच्या कामाला पदवीच्या गुणपत्रिकेत स्थान मिळणे ही मोठी गोष्ट आहे. श्रेयांकाशिवाय असलेला उपक्रम महाविद्यालयात टिकत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

२. विषयांची लवचिकता : विज्ञानाच्या विद्यार्थ्याला संगीत आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला उद्योजकता घेता येणे, हे जुन्या चौकटीत जवळजवळ अशक्य होते.

३. परतीची सोय : आर्थिक अडचणीमुळे शिक्षण सोडावे लागल्यास आधीची वर्षे वाया जात नाहीत. श्रेयांक बँकेत ते जमा राहतात आणि पुन्हा प्रवेश घेता येतो.

४. परिसराशी संबंध : महाविद्यालय आणि कारागीर हे एकाच गावात राहूनही परस्परांना अपरिचित होते. कार्यप्रशिक्षणाच्या निमित्ताने त्यांची भेट होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

मर्यादा :

पहिली मर्यादा वेळेची आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात ३० तास धरले, तर दोन श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम ६० तासांत संपतो. जवारी काढण्याचे काम कारागिराच्या मुलालाही कित्येक वर्षांनंतर सोपविले जाते. ६० तासांत परिचय होऊ शकतो, कौशल्य येत नाही. परिचयालाच कौशल्य म्हणून प्रमाणित केले, तर विद्यार्थ्याची दिशाभूल होते आणि कारागिराच्या साधनेचे अवमूल्यनही होते.

दुसरी मर्यादा शिक्षकाची आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. शिकविण्यास योग्य असा कारागीर बहुधा महाविद्यालयीन नियुक्तीच्या पात्रतेत बसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही संकल्पना आणून औपचारिक पदवीची अट शिथिल केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु ही नियुक्ती मंजूर पदांच्या बाहेरची आहे आणि तिचे मानधन उद्योगाने द्यावे, संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावे किंवा संबंधित व्यक्तीने मानद सेवा द्यावी, असे तीन पर्याय आहेत. तालुक्याच्या गावातील अनुदानित महाविद्यालयाजवळ असे स्वतंत्र उत्पन्न नसते. जेथे नियमित विषयांचे अध्यापनही तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या भरवशावर चालते, तेथे कारागिराला सन्मानाचे मानधन कोठून द्यावयाचे? परिणामी कौशल्याचा अभ्यासक्रम ते कौशल्य हाती नसलेल्या प्राध्यापकाकडे येतो. तोही आपल्या परीने तो पुस्तकी करून शिकवितो. दोष त्या प्राध्यापकाचा नाही, रचनेचा आहे.

तिसरी मर्यादा मूल्यमापनाची आहे. अंतर्गत गुण, प्रकल्पवही व उपस्थिती यांच्या आधारे हाताचे काम तपासले गेले, तर नोंदी पूर्ण होतात, पण काम शिकले गेले की नाही हे कळत नाही. सतारीचे भाग आणि त्यांची नावे लिहून गुण मिळविता येतात. सतार ऐकून तिच्यातील दोष सांगता येतो का, हे तपासण्यासाठी परीक्षकही त्याच कामातला असावा लागतो.

चौथी मर्यादा सामाजिक आहे. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय संपन्न कुटुंबातील विद्यार्थी क्वचितच वापरील. ज्या मुलीच्या लग्नाची घाई घरच्यांना आहे किंवा ज्या मुलाला मजुरीवर जाणे भाग आहे, त्यांच्याच वाट्याला ती येण्याचा संभव अधिक आहे. पूर्वी यास गळती म्हटले जाई आणि ती थोपविणे ही संस्थेची जबाबदारी मानली जाई. आता तिला प्रमाणपत्राचे नाव मिळाल्यास ती जबाबदारी संपली असे समजले जाण्याचा धोका आहे. मद्रास योजनेवरील आक्षेप येथे नव्या रूपात उभा राहतो.

पाचवी मर्यादा अर्थसाहाय्याची आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, हे कोठारी आयोगापासून तिन्ही धोरणांनी मान्य केले. २०१७-१८ मध्ये केंद्र व राज्ये यांचा एकत्रित सार्वजनिक खर्च ४.४३ टक्के होता, असे २०२० च्या धोरणातच नमूद आहे. कार्यशाळा, साहित्य व मानधन यांसाठी लागणारा पैसा याच तफावतीत अडकतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, २०२० च्या धोरणाची दिशा योग्य आहे आणि ते नाकारून जुन्या चौकटीकडे परत जाणे हिताचे नाही. तथापि या धोरणाने हाताच्या कामाला अभ्यासक्रमात प्रवेश दिला, पण ते काम जाणणाऱ्याला अध्यापकवर्गात पुरेसा प्रवेश दिला नाही. फुले यांच्या निवेदनात व पलुसकरांच्या कार्यात विषय आणि गुरू यांची जी जोड दिसते, ती येथे तुटली आहे. पूर्वीच्या योजना निष्प्रभ होण्याचे एक प्रमुख कारण हेच होते.

यावर काही उपाय सुचविता येतात. स्थानिक कारागिरांच्या मानधनासाठी वेतनेतर अनुदानात स्वतंत्र तरतूद असावी. ६० तासांच्या अभ्यासक्रमास ‘परिचय’ असेच नाव द्यावे आणि ‘कौशल्य’ हा शब्द सलग काही सत्रे चालणाऱ्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. प्रात्यक्षिक परीक्षेत कारागिराला सहपरीक्षक म्हणून नेमावे. पहिल्या व दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची लिंग, जात व उत्पन्नगट यांनुसार नोंद ठेवून त्यांपैकी किती जण परतले, हे विद्यापीठाने दरवर्षी प्रसिद्ध करावे. आणि कारागिराच्या मुलाला आपला व्यवसाय सोडून अन्य विद्याशाखेत जाण्याचे जितके स्वातंत्र्य आहे, तितकेच अन्य मुलांना त्या व्यवसायात येण्याचे असावे.

यांतील पहिले तीन उपाय अमलात आले, तर मिरजेतील एखाद्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकात सतारमेकर गल्लीतील कारागिराचे नाव अध्यापक म्हणून लिहिले जाईल. ते लिहिले जात नाही, तोपर्यंत व्यवसायशिक्षणाचे श्रेयांक वाढले तरी त्यामागचे शिक्षण वाढले असे म्हणता येणार नाही.