घरगुती संगणक आणि गेम कन्सोल : दोन कृतींच्या आधारे एक तुलना

१

१९८० च्या दशकात इंग्लंड, अमेरिका व जपान ह्या देशांत घरगुती संगणक आणि गेम कन्सोल ह्यांच्यामध्ये जी स्पर्धा झाली, तिचा इतिहास बहुधा व्यापाराचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. कोणते यंत्र किती खपले, किंमत कोणी किती उतरवली आणि कोणाला बाजारातून निघून जावे लागले, ह्या प्रश्नांभोवतीच हे लेखन फिरत राहते. जुन्या यंत्रांच्या चाहत्यांमध्ये अद्यापि चालणारा वादही याहून फारसा निराळा नाही. तेथे खपाच्या आकड्यांची जागा रंगांच्या व ध्वनीच्या आकड्यांनी घेतलेली असते, एवढेच. ही यंत्रे ज्या कृतींसाठी लोकांनी घरात आणली, त्या कृतींच्या घाटावर यंत्राच्या रचनेचा कोणता परिणाम झाला, आणि खेळणाऱ्याला ह्या दोन यंत्रांनी कोणते स्थान दिले, हा प्रश्न मात्र दोन्ही प्रकारच्या विवेचनांत मागे पडतो.

ह्या प्रश्नाला एक सुलभ उत्तर दिले जाते. संगणक खुला, म्हणून सर्जनाला पोषक. कन्सोल बंद, म्हणून केवळ करमणुकीचे साधन, असे ते उत्तर होय. हे मत आकर्षक आहे, आणि त्यात सत्याचा अंशही आहे. परंतु प्रत्यक्ष कृतींपुढे ते जसेच्या तसे टिकत नाही. प्रस्तुत लेखात ह्या मताची परीक्षा ‘एलिट’ (१९८४) व ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) ह्या दोन खेळांच्या आधारे करावयाची आहे. पहिला बीबीसी मायक्रो ह्या ब्रिटिश संगणकासाठी रचला गेला, दुसरा निन्टेंडोच्या फॅमिकॉम ह्या जपानी कन्सोलसाठी.

२

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९७७ मध्ये अटारीने आपले व्हीसीएस हे कन्सोल बाजारात आणले. त्याची मेमरी अवघी १२८ बाइट होती आणि खेळ कार्ट्रिजमधून येत. हे खेळ रचणाऱ्यांची नावे छापण्यास कंपनी तयार नव्हती. वॉरन रॉबिनेट ह्यांनी ‘ॲडव्हेंचर’ ह्या खेळात एक गुप्त दालन ठेवून त्यात स्वतःचे नाव लिहिले, ते ह्याच कारणाने. आणि १९७९ मध्ये काही रचनाकारांनी अटारी सोडून ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली, तीही मुख्यतः श्रेय व मोबदला ह्यांच्या प्रश्नावरून. कर्तृत्वाचा प्रश्न ह्या कलाप्रकाराच्या बाल्यावस्थेतच असा उभा राहिला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षी, १९७७ मध्ये, ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तयार स्थितीत मिळणारे संगणकही आले. पुढे कमोडोरने आपल्या व्हिक-२० ह्या संगणकाच्या जाहिरातीत नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता, असा प्रश्न पालकांना विचारला, आणि स्पर्धेला उघड तोंड फुटले. कमोडोर ६४ ची किंमत १९८२ मध्ये ५९५ डॉलर होती. पुढच्याच वर्षी ती सुमारे २०० डॉलरवर आली. ह्या किंमतयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकाचा व्यवसाय सोडला. अमेरिकेत कन्सोलचा बाजारही ह्याच सुमारास कोसळला. इंग्लंडमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये १२५ पौंडांपासून मिळू लागला होता. तेथे खेळ म्हणजे संगणकावरचा आणि स्वस्त कॅसेटवर मिळणारा खेळ असेच समीकरण रूढ झाले. जपानमध्ये मात्र १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किमतीला आलेल्या फॅमिकॉमने नेमकी उलट दिशा धरली. एकच काळ, पण तीन देशांत तीन निराळे निकाल लागले, त्यावरून ह्या स्पर्धेत कोणतेही एक यंत्र स्वभावतः श्रेष्ठ होते, असे म्हणता येत नाही.

३

दोन्ही यंत्रांतील प्रोसेसर जवळजवळ एकच आहे, ही गोष्ट टीकाकाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची ठरते. बीबीसी मायक्रोत १९७५ चा ६५०२ हा प्रोसेसर आहे. फॅमिकॉममधला रिकोने केलेला प्रोसेसर त्याच ६५०२ वर आधारलेला आहे. पहिल्याची गती २ मेगाहर्ट्झ, दुसऱ्याची १.७९. म्हणजे दोन्ही कृतींची भाषा मूलतः एकच आहे. भेद आहे तो मांडणीत. बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बीमध्ये ३२ किलोबाइट मेमरी होती. आज्ञावली, माहिती आणि पडद्यावरचे चित्र ह्या सर्वांना त्यातच वाटा मिळावयाचा. चित्रातला प्रत्येक ठिपका प्रोसेसरने स्वतः लिहावयाचा. ही कोरी पाटी होती : जागा थोडी, पण लिहिण्याला बंधन नाही. फॅमिकॉमची कामकाजाची मेमरी फक्त २ किलोबाइट; परंतु त्याच्याजवळ चित्रासाठी स्वतंत्र चिप होती. आठ ठिपके लांबीरुंदीच्या तयार चौकोनांतून ती देखावा जुळवी, तो सलगपणे सरकवी आणि त्यावर ६४ हलत्या आकृती फिरवू शके. पाटीऐवजी येथे सज्ज रंगमंच होता. कोणत्याही बिंदूपासून कोठेही रेषा ओढणे त्याला जड जाई, पण पात्राची धाव त्याच्यावर विलक्षण सफाईने दाखवता येई.

‘एलिट’चे सारे रूप ह्या कोऱ्या पाटीतून उद्भवले आहे. केंब्रिजमध्ये शिकत असलेल्या डेव्हिड ब्रॅबेन व इयन बेल ह्यांनी तो रचला आणि एकॉर्नसॉफ्टने सप्टेंबर १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आठ आकाशगंगा आहेत आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला. २,०४८ जगांची माहिती साठवण्यास मेमरी नव्हती. म्हणून ती साठवलेलीच नाही. एका लहानशा बीजसंख्येवर ठराविक बेरजा करीत गेले की नाव, राज्यपद्धती, संपन्नता आणि बाजारभाव त्या त्या वेळी निर्माण होतात, आणि तेच बीज पुन्हा घेतले की तेच जग पुन्हा उभे राहते. रचनाकारांना ह्याहून कितीतरी अधिक आकाशगंगा निर्माण करता येत होत्या. परंतु एवढ्या विस्ताराने गणिती क्लृप्ती उघडी पडेल म्हणून प्रकाशकांनी संख्या कमी करण्यास सांगितले. हा निर्णय कलादृष्ट्या अचूक होता.

ह्या खेळात त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तीन प्राण नाहीत आणि वाढत जाणारी गुणसंख्याही नाही. १०० क्रेडिट आणि एक साधे जहाज एवढ्यावर खेळणारा प्रवासाला निघतो. धान्य विकावे, निषिद्ध माल वाहावा, गुलामांचा व्यापार करावा की चाच्यांची शिकार करावी, हे ज्याने त्याने ठरवावयाचे. कृती त्याला उपदेश करीत नाही. परिणाम मात्र भोगावयास लावते. निवडीचे हे स्वातंत्र्य हीच ‘एलिट’ची थोरवी होय. परंतु त्याची उणीवही येथेच आहे. पुष्कळ जगे पाहिल्यावर ध्यानात येते की ग्रहांची नावे व भाव बदलतात, अनुभव बदलत नाही. येथील विस्तार संख्येचा आहे, आशयाचा नाही. फिरत्या अवकाशस्थानकात जहाज घालताना उरात जी धडकी भरते, ती मात्र खरी. आणि ती यंत्राने निर्माण केलेल्या विश्वातून आलेली नाही, तर दोन माणसांनी विचारपूर्वक रचलेल्या एका प्रसंगातून आलेली आहे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये नेमके उलट आहे. शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका व त्यांचे सहकारी ह्यांनी रचलेला आणि १३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झालेला हा खेळ ४० किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये सामावलेला आहे. आठ जगांतील प्रत्येकी चार अशा ३२ टप्प्यांची जागा हाताने आखलेली आहे. काटकसर येथेही आहे : आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप एकच आकृती असून फक्त रंग निराळे आहेत. पण ही काटकसर विश्व वाढवण्यासाठी नाही, नेमके करण्यासाठी आहे. पहिल्या टप्प्याचा आरंभ ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रश्नचिन्हाची पेटी दिसते. लगेच शत्रू चालत येतो. उडी मारणे भाग पडते. पेटीला धक्का लागताच अळंबे निघते, पुढच्या नळाला अडून ते परत फिरते आणि बहुधा खेळणाऱ्याच्या अंगावरच येते. एकही शब्द न लिहिता खेळाचे सर्व नियम शिकवून होतात. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे मानली, त्या संवाद, विरोध व समतोल ह्यांचा प्रत्यय ह्या मिनिटभराच्या रचनेत स्पष्ट येतो. धाव आणि अडथळा ह्यांचा विरोध, संगीत आणि हालचाल ह्यांचा संवाद, आणि दाबलेल्या कळीच्या कालमानानुसार कमीअधिक होणारी उडी हा त्यांचा समतोल.

येथे खेळणाऱ्याला मागे जाता येत नाही. सरकलेला पडदा परत फिरत नाही. छपरावरून पलीकडे धावत जाणाऱ्या धिटाईलाही रचनाकारांनी अगोदरच जागा करून ठेवलेली आहे : तेथे पुढच्या जगांकडे नेणारे नळ सापडतात. बंडाचीसुद्धा येथे पूर्वयोजना आहे. तरीही ह्या कृतीला स्वातंत्र्यहीन म्हणणे योग्य होणार नाही. ‘एलिट’चे स्वातंत्र्य निवडीचे आहे, ‘मारिओ’चे हालचालीचे, आणि बांधीव वृत्तात चांगल्या कवीला जे मोकळेपण लाभते, त्याच जातीचे हे दुसरे स्वातंत्र्य आहे. बंद यंत्रातून श्रेष्ठ कृती निर्माण होत नाही, हे मत येथे निरपवादपणे खोटे ठरते.

४

मग त्या मतातला सत्यांश कोणता? तो कृतीत नसून खेळणाऱ्याच्या स्थानात आहे. कमोडोर ६४ सुरू केला की पडद्यावर यंत्र सज्ज असल्याची सूचना येते आणि ते पुढच्या आज्ञेची वाट पाहते. कार्ट्रिजवाचून कन्सोल मात्र मुके असते. ब्रिटनमधल्या नियतकालिकांत आज्ञावल्या छापून येत आणि मुले त्या ओळीने टंकीत करीत. स्पेक्ट्रमवरचा ‘मॅनिक मायनर’ (१९८३) मॅथ्यू स्मिथ ह्यांनी विशीच्या आतच लिहिला. त्यांच्याच ‘जेट सेट विली’ (१९८४) मध्ये असा दोष राहून गेला होता की खेळ पूर्ण करणे अशक्य व्हावे. तेव्हा ‘पोक’ ही आज्ञा वापरून मेमरीतले आकडे बदलण्याचे उपाय प्रसिद्ध झाले आणि खेळणाऱ्यांनी कृतीच दुरुस्त करून घेतली. वाचकाने हाती लेखणी घेऊन पाठशुद्धी करावी, तसा हा प्रकार होय. घरात संगणक आलेल्या पुष्कळ मुलांनी खेळापलीकडे काही केले नाही, हे खरे. परंतु कळफलकामुळे ती वाट त्यांना उघडी होती.

निन्टेंडोने अमेरिकेतल्या पडझडीतून निराळा धडा घेतला. कोणीही उठून कार्ट्रिज काढतो, हेच अनर्थाचे मूळ होय, असे तिचे निदान होते. १९८५ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या एनईएस ह्या आवृत्तीत कुलपाची चिप बसवण्यात आली. तिची जोड नसलेले कार्ट्रिज यंत्र स्वीकारीत नसे. परवानाधारक प्रकाशकांना वर्षाला पाच खेळांची मर्यादा घालण्यात आली. ह्यामुळे निकृष्ट मालाचा पूर थांबला, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर कोणी लिहावे आणि किती लिहावे, हे एक कंपनी ठरवू लागली, हेही तितकेच खरे.

ह्याचा अर्थ सारा भेद कळफलकाच्या असण्या-नसण्यात आहे, असा मात्र नव्हे. १९८४ मध्ये फॅमिकॉमला बेसिक भाषेसह कळफलक जोडता येऊ लागला. तरी ते कन्सोलच राहिले. उलट १९९० मध्ये कमोडोरने ६४ चा कळफलक काढून त्याचे कन्सोल केले. ते चालले नाही. १९९१ मध्ये खुद्द ‘एलिट’ एनईएसवर आला. भारतातही ह्याची साक्ष मिळते. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ ह्या शासकीय योजनेतून बीबीसी मायक्रो निवडक शाळांत पोहोचले. घराघरांत मात्र १९९० च्या दशकात शिरल्या त्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला. पुढे अशाच नकला कळफलक लावून शैक्षणिक संगणक म्हणूनही विकल्या गेल्या. येथे दोन यंत्रांची स्पर्धा अशी झालीच नाही; एक शाळेच्या तासापुरते राहिले, दुसरे घरच्या टीव्हीला जोडले गेले. घरात जे आले त्यातून खेळायला पुष्कळ मिळाले. लिहिण्याची सवय त्यातून लागणे कठीण होते. यंत्राला कळा किती, ह्यापेक्षा त्याच्याभोवती नियतकालिके, शिक्षक, स्वस्त कॅसेट आणि सोबती ह्यांचा परिवार आहे की नाही, ह्यावरच ते खुले ठरते.

५

सारांश, घरगुती संगणक आणि कन्सोल ह्यांच्या स्पर्धेत दोन निराळे प्रश्न एकत्र मिसळलेले आहेत. चांगली कृती कोठे निर्माण होते, हा पहिला. कृती निर्माण करण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर दोन्ही यंत्रे समान ठरतात. दुसऱ्यावर मात्र ती समान नाहीत. आणि ह्या बाबतीत पुढचा काळ कुलपाच्या बाजूने गेला. २००८ मध्ये आयफोनसाठी उघडलेले दुकान संमतीवाचून काहीही आत येऊ देत नसे. ही व्यवस्था कमोडोरच्या परंपरेतली नव्हे, निन्टेंडोच्या परंपरेतली होय. मुलांना लिहिता येईल असे स्वस्त यंत्र उरले नाही, ह्या चिंतेतून केंब्रिजमध्ये रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक तयार झाला आणि २०१२ मध्ये विक्रीस आला. त्याच्या मॉडेल ए व मॉडेल बी ह्या नावांत बीबीसी मायक्रोची आठवण आहे, आणि त्याच्या संस्थापकांत ‘एलिट’चे एक कर्ते डेव्हिड ब्रॅबेन आहेत.

‘मारिओ’ हा ‘एलिट’हून अधिक पूर्ण आहे, असे घाटाच्या निकषावर म्हणावे लागेल. पण ‘मारिओ’ खेळून उठलेल्या मुलाला त्याच यंत्रावर स्वतःचा ‘मारिओ’ रचण्याची सोय नव्हती. ‘एलिट’ खेळून उठलेल्याला ती होती. कलाकृतीचे मूल्यमापन करताना ह्या गोष्टीचा हिशेब धरू नये. कलेच्या परंपरेचे मूल्यमापन करताना तो धरल्यावाचून गत्यंतर नाही.